घरी अजून कळलेलं नाही

ऋजुता इंगवले वडिलांच्या ऑपरेशनसाठी जतला गेली आणि तिच्या दुपारच्या पाळीला सुनेत्रा मगदूमने बसावं असं ठरलं. केंद्राच्या प्रमुख डॉक्टर तांबोळींनी विचारलं, "जमेल ना गं? सर्व्हरपासून दूर होऊन तुला वर्ष होऊन गेलं."

"मॅडम, तो सर्व्हर मीच बोलता केलाय," सुनेत्रा म्हणाली.

यात बढाई नव्हती. सांगलीच्या त्या मूत्रपिंड केंद्रात एकेकाळी डायलिसिसचे पलंग ओळीने मांडलेले असत. आटपाडी, शिराळा, जतहून माणसं एसटीने यायची, सुया टोचून घेऊन अर्धा दिवस छताकडे बघत पडायची आणि गळून गेलेल्या अंगाने परत जायची. मग कमरपेटी आली. जेवणाच्या डब्याएवढी ही पेटी कमरेला बांधून माणूस घरीच फिरायचा, दुकानात बसायचा, भाजी निवडायचा. पेटी रक्त गाळायची, अंगात साठलेलं जास्तीचं पाणी ओढून काढायची आणि सगळी खबर केंद्राच्या सर्व्हरला देत राहायची. डॉक्टरांना काही कमी-जास्त करायचं असलं तर ते सर्व्हरवर करायचे. सर्व्हर ती आज्ञा पेटीला पोचवायचा.

आपण काय केलं आणि कुठे अडलो हे सर्व्हर ओळीओळीने स्वतःच लिहीत जातो. त्या ओळींचा लॉग पडद्यावर सरकत असतो आणि समोर बसलेल्या माणसाने तो वाचून बिघाड दुरुस्त करायचा असतो. 'पेटीचे उत्तर आले नाही', 'आज्ञा पोचली नाही', 'साठवण भरली' अशी सगळी वाक्यं सुनेत्राने घडवली होती. एकेका शब्दासाठी ती भांडली होती. तिचा नवरा अभिनंदनही त्याच खोलीत काम करायचा आणि म्हणायचा, "तुझी वाक्यं वाचताना डोकं वापरावं लागत नाही." एवढं कौतुक तिला पुरायचं.

पण पेट्या वाढल्या, मोबाइलचे टॉवर बदलले, एकाचे दोन सर्व्हर झाले आणि या गुंत्यातून असे बिघाड निघू लागले, की त्यांच्यासाठी कोणी वाक्य लिहूनच ठेवलं नव्हतं. सर्व्हर मग त्यातल्या त्यात जवळचं, म्हणजे चुकीचं वाक्य छापायचा. त्यावर उपाय म्हणून नवी प्रणाली बसवली गेली. आता वाक्य सर्व्हरने स्वतः तयार करायचं होतं. त्याला व्याकरण शिकवलेलं नव्हतं, एक उद्दिष्ट तेवढं दिलं होतं: वाचणाऱ्या माणसाने लवकरात लवकर योग्य तेच करावं. कुठल्या वाक्यानंतर कोणी किती चटकन दुरुस्ती केली हे तो मापायचा आणि पुढचं वाक्य त्या बेताने बदलायचा. शब्द त्याला मिळायचे ते दुरुस्तीनंतर माणसं जे शेरे लिहीत त्यांतून. त्यामुळे ज्याच्या नावाने लॉगिन, त्याच्या अंगवळणी पडलेली भाषा. वर्षभरात प्रत्येकाचा लॉग वेगळा बोलू लागला.

सुनेत्राची वाक्यं पुसली गेली. त्याच सुमारास मुलीची दहावी आली, म्हणून सुनेत्राने पाळीचं काम सोडलं आणि नव्या रुग्णांना पेटी वापरायला शिकवण्याचं काम घेतलं. तिच्या जागी ऋजुता आली. सकाळी अभिनंदन, दुपारी ऋजुता. पाळी बदलताना दोघं जेमतेम चहा पिण्याइतका वेळ एकत्र असत. सुनेत्राने हे कधी मोजलं नव्हतं. मोजावंसं वाटू लागलं ते रात्रीच्या जेवणात.

"आज सर्व्हर काय म्हणाला माहितीये?" अभिनंदन भाकरी मोडता मोडता सांगायचा. "म्हणाला, विट्याचं एकजण रुसलंय, समजूत काढ."

"रुसलंय हा तुझा शब्द नाही."

"ऋजुताचा असणार. तिच्या शेऱ्यांतून उचलतो. पाळी बदलली की आमचे शब्द इकडचे तिकडे होतात."

आणि तो हसायचा. ताटाकडे बघून, स्वतःशीच. तिच्या वाक्यांवर तो असा कधी हसला नव्हता. 'साठवण भरली' यावर हसायला होतंच काय, असं ती स्वतःला समजवायची. पण ते हसू तिच्या मनातून जायचं नाही.

पहिल्या दुपारी तिचं लॉगिन तयार झालं नव्हतं. ऋजुताने जतहून फोन केला. "मॅडम, तोवर माझंच वापरा. पासवर्ड अभिसरांना ठाऊक आहे."

अभिसरांना ठाऊक आहे. सुनेत्राने फोन ठेवला आणि अभिनंदनकडे बघितलं. तो हेल्मेट हातात घेऊन उभा होता. काही न विचारता त्याने पासवर्ड सांगितला. त्यासाठी त्याला आठवावंही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचं स्वतःचं लॉगिन आलं. त्यावर सर्व्हर तिला नवखी समजून साध्या, सरळ वाक्यांत बोलला असता. तिने ते उघडलंच नाही. ती ऋजुताच्याच नावाने बसली.

पडद्यावर ओळी सरकत होत्या. 'तासगाव वाट बघत थांबलंय.' 'पलूसला दम लागलाय, जरा मोकळं सोड.' 'काल केलंस तसंच कर.' हे लॉग आहेत की कुणाची चिठ्ठी, असं वाटावं. पण सुनेत्रा जुनी जाणकार होती. न कळणारा संदेश कसा फोडायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं: वाक्याकडे बघायचं नाही, वाक्याच्या आधी काय घडलं आणि नंतर माणसाने काय केलं ते बघायचं. तिने मागच्या महिन्यातले सगळे 'रुसलंय' एकाखाली एक काढले. प्रत्येकाच्या आधी पेटीने नवी आज्ञा नाकारली होती आणि प्रत्येकानंतर ऋजुताने पेटीची ओळख-किल्ली नव्याने दिली होती. म्हणजे रुसणं म्हणजे आज्ञा नाकारणं आणि समजूत काढणं म्हणजे किल्ली देणं. 'दम लागलाय' म्हणजे संदेशांची रांग तुंबलीय. 'हात सोडू नकोस' म्हणजे जोडणी चालू ठेव. दुपार संपेपर्यंत तिला बरीचशी भाषा कळू लागली होती आणि काम चोख होत होतं.

तिथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण ती अभिनंदनचे शेरे उघडून बसली. त्यांत बहुतेक कोरडी कामाची वाक्यं होती. मध्येच एक होतं: 'किल्ली दिली. आज तुझ्या वाक्यानं दिवस बरा गेला.' आणखी खाली: 'झालं. असंच बोलत जा.'

कुणाला लिहिलं होतं हे? शेरे सर्व्हर वाचतो. पण शेरे ऋजुताही वाचते. सुनेत्राने अर्थ लावायची आपली पद्धत इथे वापरली नाही. आधी काय घडलं, नंतर काय झालं, हे बघितलं नाही. ती फक्त वाक्याकडे बघत राहिली.

त्या रात्री तिने विचारलं, "ऋजुताचं लग्न ठरलंय का रे?"

"मला काय माहीत?"

"नाही, पासवर्ड माहीत असतो, म्हणून विचारलं."

अभिनंदनने तिच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि आमटी वाढून घेतली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळीकडे शांत होतं. अभिनंदन पाळी संपवून खाली गेला होता. आवारात त्याची स्कूटर चार्जिंगला लावलेली होती. सुनेत्रा पडद्यासमोर बसली आणि ओळ उमटली.

'दोघांना ठाऊक आहे. घरी अजून कळलेलं नाही.'

तिने ती पुन्हा वाचली. ओळीला तांबडा रंग नव्हता. भोंगा नव्हता. ऋजुताला तांबड्या रंगाची गरज पडत नाही, एका ओळीत ती कामाला लागते, हे सर्व्हर कधीच शिकला होता. सुनेत्राला मात्र रंग नसणं वेगळंच वाटलं. जणू कुणी आवाज खाली करून बोलत होतं. तिचे कान तापले. शेऱ्यांमध्ये लिहिलेलं काहीतरी या यंत्राने पोपटासारखं उचललं होतं आणि आता ते तिच्याच तोंडावर म्हणून दाखवत होतं. दोघांना ठाऊक आहे. घरी कळलेलं नाही.

मग दुसरी ओळ आली. 'ती ओढतेय. तो सुकत चाललाय. घरी सांग.'

प्रत्येक ओळीपुढे एक छोटं बटण असतं, 'पाहिलं' असं लिहिलेलं. ते कोणी दाबलं नाही तर सर्व्हर थोडा वेळ वाट बघून थेट डॉक्टरांचा फोन वाजवतो. सुनेत्राला ती ओळ डोळ्यांपुढून जायला हवी होती. तिने 'पाहिलं' दाबलं, दोन्ही ओळींना, आणि उठून खाली गेली.

अभिनंदन स्कूटरची वायर गुंडाळत होता.

"घरी कधी सांगणार होतास?" ती म्हणाली.

"काय?"

"तुमच्या दोघांचं. यंत्राला कळलं, मला कळायचं राहिलं."

"सुनेत्रा, तू काय बोलतेयस?"

"मी नाही बोलत. तुझा तो सर्व्हर बोलतोय. ज्याच्या वाक्यानं तुझा दिवस बरा जातो." तिचा आवाज चढला नव्हता. तो सपाट होता आणि अभिनंदनला त्याचीच जास्त भीती वाटली. "दोघांना ठाऊक आहे, घरी अजून कळलेलं नाही. ती ओढतेय म्हणे, आणि तू सुकत चाललायस."

अभिनंदनच्या हातातली वायर खाली पडली. त्याचा चेहरा उतरला, आणि ते बघून सुनेत्राला क्षणभर भयंकर समाधान वाटलं. पकडलं याला.

"हे कधी आलं?" त्याने विचारलं.

"म्हणजे खरं आहे."

"सुनेत्रा, दोघं म्हणजे दोन सर्व्हर. घर म्हणजे पेशंटचं घर." तो धावायला लागला होता. "आज्ञा बदललीय आणि पेटीला पोचली नाहीये. ती पेटी अजून पाणी ओढतेय. कुणाची आहे?"

कुणाची ते तिने बघितलंच नव्हतं. ओळीच्या टोकाला पेटीचा क्रमांक होता.

जिना चढताना तिला सगळं एकदम कळलं. वर जाऊन खुर्चीत बसताना तर तिला हेही कळलं, की आपण काल दुपारसारखा नुसता लॉग वाचला असता तर हे वाक्य क्षणात फोडलं असतं. क्रमांक कवठ्याच्या रामगोंडा पाटलांचा होता. आदल्या दिवसापासून त्यांना जुलाब होत होते. अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं, म्हणून डॉक्टर तांबोळींनी पाणी ओढण्याचा वेग निम्म्याहून खाली आणला होता. आज्ञा दोन्ही सर्व्हरवर नोंदली गेली होती. कवठ्याचा टॉवर मध्येच बंद पडल्यामुळे ती घरातल्या पेटीपर्यंत गेली नव्हती. पेटीच्या लेखी काहीच बिघडलं नव्हतं. ती जुन्या वेगाने ओढत होती.

अभिनंदन जोडणी पुन्हा जुळवायला लागला. सुनेत्राने घरच्या फोनवर फोन लावला. पाटलांच्या सुनेने उचलला.

"मामा झोपलेत," ती म्हणाली. "आज फार झोपाळलेत."

"उठवा त्यांना. मी सुनेत्रा बोलतेय, पेटी शिकवायला आले होते ती. हाक मारा, माझ्याशी बोलत बोलत जा."

पावलांचा आवाज आला, मग हाक, मग आणखी मोठ्याने हाक. "मॅडम, मामा डोळं उघडत न्हाईत. हात गार पडल्यात."

"घाबरू नका. पेटीच्या डाव्या अंगाला पांढरं बटण आहे, आपण दोघींनी मिळून दाबून बघितलं होतं, आठवतं? ते दाबून धरा. दिवा विझेपर्यंत सोडू नका." तिचा स्वतःचा हात टेबलाच्या कडेवर दाबला गेला होता. "विझला? आता त्यांना पाठीवर सरळ निजवा. उशा पायांखाली घाला, डोक्याखाली नको."

अभिनंदनने दुसऱ्या फोनवरून अॅम्ब्युलन्स बोलावली.

"मॅडम, वाचतील न्हवं?"

"फोन ठेवू नका. अॅम्ब्युलन्स निघालीय. मी इथंच आहे."

अॅम्ब्युलन्स पोचेपर्यंत ती बोलत राहिली. अभिनंदन तिच्या शेजारी उभा होता, पण त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

रामगोंडा पाटील वाचले. मिरजेच्या इस्पितळात त्यांना बरेच दिवस ठेवावं लागलं. रक्तदाब इतका खाली गेला होता की एका डोळ्याची नजर पुढे कायमची अधू झाली. त्यांची सून सुनेत्राला भेटायला पेढे घेऊन आली आणि तिचे हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही व्हता म्हणून." सुनेत्राने पेढा हातातच ठेवला. मग तिने त्या बाईला समोर बसवलं आणि घडलं ते सांगितलं: वाक्य आलं होतं, मी ते दाबून टाकलं होतं. जाताना सुनेने पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवला, पण ती नमस्कार न करता गेली.

डॉक्टर तांबोळींनी चौकशी बसवली. दुसऱ्याच्या नावाने बसल्याबद्दल सुनेत्राला सहा महिने सर्व्हरच्या खोलीबाहेर ठेवलं. जिवाला धोका असेल ते वाक्य ठरावीक, सगळ्यांना सारखं आणि तांबड्याच रंगात यावं, असंही ठरलं. "भाषा गोड झाली की माणसं तिच्यात स्वतःचं काहीबाही वाचतात," डॉक्टर म्हणाल्या. "माझीही चूक आहे. हे आधीच करायला हवं होतं."

ऋजुता परत आली तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. तिने सुनेत्राला कँटीनमध्ये गाठलं.

"मॅडम, तुम्ही मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस?"

"खरं ते. दुपारभर खोलीत मी एकटी असते. आईला जाऊन तीन वर्षं झाली. घरी बाबा, ते बोलत नाहीत. शेरा लिहिताना मी आईसारखं लिहायची. रुसणं, समजूत काढणं, दम लागणं, ती असं बोलायची. सर्व्हर ते मला परत म्हणून दाखवायचा." ती थांबली. "अभिसरांशी मी चहात साखर किती एवढंच बोललेय."

सुनेत्राने आपला कप बाजूला सारला. ऋजुता म्हणाली, "आता शेरे कोरडे लिहिते. तुम्ही काळजी करू नका." आणि कप ठेवून निघून गेली. तिच्या त्या शेवटच्या वाक्यात राग होता की दया, हे सुनेत्राला शेवटपर्यंत कळलं नाही.

अभिनंदनने मात्र चहाच्या साखरेवर विषय सोडला नाही. एका रविवारी, मुलगी क्लासला गेलेली असताना, तो स्वतःच म्हणाला, "ती वाक्यं मला आवडायची. ती कुणाची आहेत हेही मला ठाऊक होतं. ऋजुताशी माझं काही नव्हतं, पण आवडायची. हे तुला सांगायला हवं होतं."

"का आवडायची?"

त्याने विचार केला. "त्यांत कुणी कुणाला पकडायला बसलेलं नव्हतं."

सुनेत्रा उठून गॅलरीत गेली. रागावता आलं असतं तर सोपं होतं. रागाला हवी तेवढी जागा या वाक्यात होती, आणि तरी ते खरं होतं. त्यानंतर दोघं एकाच घरात नीट वागत राहिले. दूध, फी, लाइटबिल यांवर बोलत राहिले. अभिनंदन जेवताना सर्व्हरची गोष्ट सांगेनासा झाला.

सहा महिन्यांनी सुनेत्रा सर्व्हरच्या खोलीत परतली, या वेळी स्वतःच्या नावाने. अभिनंदन आता दुसऱ्या विभागात गेला होता. सर्व्हर सुरुवातीला तिच्याशी परक्यासारखा बोलला. तीही नेमाने काम करायची, प्रत्येक दुरुस्तीनंतर शेरा लिहायची आणि शेऱ्यात काय लिहिते याकडे तिचं लक्ष नसायचं. हळूहळू ओळींना तिचं वळण लागलं.

पावसाळा सरता सरता एका दुपारी ओळ आली: 'शिराळ्याची पेटी वजन एकदम कमी दाखवतेय. विश्वास ठेवू नकोस. काहीतरी लपवतेय.'

सुनेत्राचा हात थांबला. तिने मागच्या ओळी वर सरकवल्या. 'इस्लामपूर ठीक म्हणतंय, तरी उलटून विचार.' 'दोघांचं जुळतंय. इतकं कसं जुळतंय ते बघ.' मग तिने आपले शेरे उघडले. 'तपासलं. खोटं निघालं.' 'पुन्हा तपासलं.' 'सांगतेय ते खरं वाटत नाही.' हे शब्द दुसऱ्या कुणाकडून आलेले नव्हते. वर्षानुवर्षं घरात ती असंच बोलत आली होती. बाहेरून आल्यावर दारात, फोन वाजल्यावर, मुलीने उशीर केल्यावर. यंत्राने कुठलाही न्याय केला नव्हता. कशाने ही बाई चटकन कामाला लागते एवढंच त्याने मापलं होतं आणि संशयाने ती सगळ्यात लवकर हलते हे त्याला सापडलं होतं.

तिने शिराळ्याला फोन लावला. तिथली म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं, डॉक्टरनी मीठ बंद केलंय. सूज उतरली सगळी. पैंजण सैल झालं बघ." पेटीने दाखवलेलं वजन बरोबर होतं.

सुनेत्राने फोन ठेवला. शेऱ्याची चौकट रिकामी होती. बोटांवर नेहमीचं वाक्य आलं होतं, ते तिने परतवलं. मग एकेक अक्षर उमटवत तिने लिहिलं:

'विचारलं. खरंच सांगत होती.'

ती पाळी संपल्यावर घरी आली तेव्हा अभिनंदन दाराशी बूट काढत होता. नेहमीपेक्षा उशिरा आला होता. तोंडाशी आलेला प्रश्न तिला स्वतःलाच ऐकू आला. तिने तो विचारला नाही. दार लोटून घेत ती म्हणाली, "आज शिराळ्याच्या एका म्हातारीचं पैंजण सैल झालं. बस, सांगते."

अभिनंदन एक बूट हातात धरून तसाच थांबला. मग तो दाराशेजारच्या स्टुलावर बसला.